गंभीर जखमी बालके आणि आघात उपचार केंद्रे : मराठवाड्याच्या संदर्भात

अपघातात गंभीर जखमी झालेले बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ रुग्ण नव्हे. १० किलो वजनाच्या बालकाच्या शरीरात सुमारे ८०० मिलिलिटर रक्त असते. त्यातील चतुर्थांश वाहून गेले तरी रक्तदाब बहुधा टिकून राहतो. त्यामुळे धोका उशिरा लक्षात येतो. बरगड्या लवचिक असल्याने त्या न मोडताही फुप्फुसास इजा होऊ शकते.

अमेरिकेतील अनेक अभ्यासांत प्रौढांच्या आघात केंद्रांपेक्षा बालकांच्या केंद्रांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आहे. तेथे प्लीहा काढण्याची शस्त्रक्रियाही अधिक वेळा टळते. मात्र केंद्राच्या नावापेक्षा सज्जता महत्त्वाची आहे. बालकांसाठी सुसज्ज असलेल्या आपत्कालीन विभागांत मृत्यू कमी होतात, असे २०२१ मधील अमेरिकी अभ्यासातून दिसून आले.

छत्रपती संभाजीनगर येथे १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजेच ‘घाटी’त, मराठवाड्यातील दूरच्या गावांतूनही रुग्ण येतात. त्या प्रवासापूर्वीचे उपचार तालुक्याच्या रुग्णालयातच होतात. म्हणून वजनानुसार औषधमात्रेचा तक्ता, लहान मापाच्या श्वासनलिका व प्रशिक्षित परिचारिका यांची तरतूद तेथेच प्रथम होणे आवश्यक आहे.