चौकट : ग्रँट-कोअर्स रँच

कुठे : डिअर लॉज, मोंटाना राज्य, अमेरिका

सुरुवात : पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांची थकलेली दोन जनावरं घ्यायची आणि बदल्यात एक ताजंतवानं द्यायचं, या व्यवहारातून जॉनी ग्रँटने कळप वाढवला. 1862मध्ये त्याने इथे घर बांधलं.

भरभराट : 1866मध्ये ही मालमत्ता कॉनरॅड कोअर्सने घेतली. जन्माने आजच्या जर्मनीतल्या होल्स्टाइनचा, पेशाने खाटीक. सावत्र भाऊ जॉन बिलेनबर्गसह त्याने व्यवसाय एवढा वाढवला, की त्यांची गुरं सुमारे 1 कोटी एकर मोकळ्या कुरणांवर चरत. ही जमीन बहुतांशी सरकारी होती.

फटका : 1886-87च्या हिवाळ्यात चारा बर्फाखाली गाडला गेला आणि गुरं मोठ्या संख्येने मेली. बँकर ए. जे. डेव्हिस यांच्या 1 लाख डॉलरच्या कर्जावर कोअर्स सावरला. त्यानंतर हिवाळ्यासाठी गवत साठवण्याला महत्त्व आलं. पुढे वसाहतकऱ्यांची शेती आणि कुंपणं वाढत गेली, तशी मोकळी चराई आटोपली.

जतन : कोअर्सचा नातू कॉनरॅड वॉरनने इमारती, अवजारं आणि कागदपत्रं जपली. 1972मध्ये हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं. आज सुमारे 1,600 एकरांचा कारभार राष्ट्रीय उद्यान सेवा पाहते; गुरं पाळणं आणि गवतकापणी सुरूच आहे.

नदीचा प्रश्न : ब्यूट आणि अ‍ॅनाकोंडा या शहरांतल्या तांबे उद्योगाचा विषारी गाळ 1908च्या पुरात रँचमधून वाहणाऱ्या क्लार्क फोर्क नदीकाठी पसरला. दूषित माती काढून तिथे पुन्हा स्थानिक झाडं लावण्यात आली.