मुक्या बझरची कैफियत

काट्याच्या मल्टिमीटरातील बझर मुका झाला म्हणजे पुष्कळ कारागीर आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन मीटरची पाठ उघडतात. वास्तविक पाठ उघडण्यापूर्वी समोरच्या काट्याची जबानी घ्यावी, कारण बझर गप्प असला तरी काटा बोलत असतो, आणि तपासाचा निम्मा भाग त्याच्या एकट्याच्या साक्षीवर उरकतो.

परवा मेजावर आलेल्या अशाच एका मीटरात दीड व्होल्टचे दोन सेल आणि नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी अशी शिबंदी होती, व बझर या बॅटरीवरच चालणारा होता. ओहमच्या ‘एक पट’ पल्ल्यावर प्रोब परस्परांस टेकवताच काटा उजव्या टोकाच्या शून्यावर जाऊन स्थिरावला, त्यामुळे फ्यूज, प्रोबच्या तारा आणि दोन्ही सेल यांची एकदमच खातरजमा झाली. मग ‘दहा हजार पट’ पल्ला लावला, जेथे चौकोनी बॅटरीही कामास येते. काटा तेथेही निमूट शून्यावर गेला.

फसगत होण्याचा संभव नेमका येथे असतो. या जातीच्या मीटरचा काटा 50 मायक्रोअँपिअरमध्ये टोक गाठतो, उलट बझरच्या मंडलास काही मिलिअँपिअर, म्हणजे शंभरपटीच्या घरातला प्रवाह, लागतो. नळाला थेंब आला एवढ्यावरून घागर भरेल असे कोणी म्हणत नाही, तसेच हे. म्हणून बॅटरी बाहेर काढून त्याच मीटरच्या 10 व्होल्ट पल्ल्यावर मोजली (व्होल्ट मोजताना काट्याला स्वतःच्या बॅटरीची गरज लागत नाही, ही या जुन्या यंत्राची मोठी सोय), आणि बिनबोजाच्या मापावर विसंबून न राहता तिच्या दोन टोकांस 470 ओहमचा रेझिस्टर लावला. सुमारे 19 मिलिअँपिअरचा हा बोजा पडूनही काटा नऊपासून किंचितच ढळला, तेव्हा बॅटरी निर्दोष सुटली.

आता मात्र पाठ उघडणे प्राप्त झाले. बॅटरीच्या तारा सर्किट बोर्डावर जेथे सोल्डर केलेल्या असतात तेथे दुसरा मीटर लावून पाहिले, तो प्रोब विलग असताना नऊ व्होल्ट व्यवस्थित मिळत होते, परंतु बझरच्या खुणेवर प्रोब जुळवताच ते दोनाच्या खाली कोसळत. अर्थात गुन्हा बॅटरी आणि बोर्ड यांच्या दरम्यानच घडत होता. बॅटरीच्या टोपीचे काळे आवरण सोलल्यावर पूर्वी कधी गळालेल्या बॅटरीच्या क्षाराने हिरवट झालेले रिव्हेट दिसले. तारेचे दोन-चार धागेच त्याला कसेबसे चिकटून होते.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास अशी टोपी किरकोळ पैशांत मिळते. ती बसवताच बझर खणखणीत वाजला. तो तरीही वाजला नसता, तर संशय सिलेक्टरच्या मळक्या पट्ट्यांवर किंवा बझरच्या पितळी चकतीवर गेला असता. त्या चकतीवरील सिरॅमिकच्या थराचा गुण, म्हणजे दाब आणि वीज यांचे परस्परनाते, क्युरी बंधूंनी 1880 साली क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांत दाखवून दिला होता. अशी चकती सोडवून तिला दीड व्होल्टचा सेल टेकवला की शाबूत असल्यास बारीकसा ‘टक्’ आवाज येतो. तिला पुन्हा सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवावे, कारण अति उष्णतेने सिरॅमिकचा हा गुण कायमचा नष्ट होतो.

मीटर दीर्घकाळ पडून राहणार असेल तर सेल आणि बॅटरी काढून ठेवाव्यात. व्होल्ट मोजण्याचे काम त्यांच्यावाचून अडत नाही.