पाड्याची ग्रामसभा

राज्यशास्त्राच्या तासाला 'पंचायत राज्य' हा शब्द आपण पुष्कळदा ऐकतो. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, राखीव जागा, पाच वर्षांनी निवडणूक, एवढे लिहिले की परीक्षेचे उत्तर पुरे होते. परंतु डोंगरातल्या पाड्यावर राहणाऱ्या माणसाला या राज्यात नेमके काय मिळाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

चार-पाच पाडे मिळून एक ग्रामपंचायत असते. कचेरी मोठ्या गावात आणि ग्रामसभाही तिथेच. पाड्यावरच्या माणसाने दिवसाची मजुरी बुडवावी, दोन कोस चालत जावे, मागे उभे राहावे, वहीत अंगठा उठवावा आणि परत फिरावे. आमचे वडील म्हणतात, पंचायतीला आमचे मत लागते, तोंड लागत नाही. सरपंच आदिवासी असला तरी फरक पडतोच असे नाही. कागद आणि ठेका दुसऱ्यांच्याच हाती असतात!

वस्तुतः ७३ वी घटनादुरुस्ती पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांना आपोआप लागू झालीच नव्हती. दिलीपसिंह भूरिया समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला आणि डिसेंबर १९९६ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला. यालाच 'पेसा' म्हणतात. त्यात आदिवासींसाठी किमान निम्म्या जागा आणि अध्यक्षपदे राखीव आहेत. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यातील गावाची व्याख्या होय. गाव म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातले महसुली गाव नव्हे. आपल्या रूढीने आपला कारभार चालवणारी वस्ती किंवा पाडा हेच गाव, आणि त्याची ग्रामसभा स्वतंत्र! योजना मंजूर करणे, लाभार्थी निवडणे, पंचायतीला खर्चाचा दाखला देणे हे तिचे काम. गौण वनोपजाची मालकीही तिला सांगितली आहे.

महाराष्ट्राने या कायद्याचे नियम २०१४ मध्ये केले. कायद्याच्या वेळी जन्मलेले मूल तोवर कॉलेजच्या वयाचे झाले होते.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. तेथील निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे चालू राहते. वेळ लागतो खरा, पण कोणी मागे उभा राहत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू म्हणजे लाकूडच, असे म्हणत वनखाते वाहतुकीचा परवाना देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर बांबू तोडण्याचे आणि विकण्याचे व्यवहार गावच पाहू लागले.

पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता हवी असेल तर आधी पाड्याने ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. त्यासाठी लिहिता येणारा माणूस हवा. आमच्या पाड्यावर असे तिघे आहोत आणि दोघे कामासाठी बाहेरगावी असतात. दिवाळीच्या सुट्टीत ते आले की बसायचे ठरले आहे.