बोहाड्याचे मुखवटे

मुळा नदीचे जे पाणी धरणातून कालव्यावाटे आपल्या सोनईच्या उसापर्यंत पोहोचते, त्याचा उगम आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या परिसरात आहे. आणि त्या डोंगरपट्ट्यापासून नाशिक जिल्ह्यातून थेट जव्हार-मोखाड्यापर्यंतच्या आदिवासी गावांत, होळीनंतर पाऊस लागेपर्यंतच्या दिवसांत, बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव रात्र-रात्र चालतो.

टेंभ्यांच्या उजेडात सांबळ-पिपाणी वाजू लागली की प्रथम गणपती, मागून शारदा, मग राम, रावण, भीम, नरसिंह अशी सोंगे एकामागून एक अवतीर्ण होतात व अखेरीस देवी महिषासुराचा वध करते. पूर्वी हे मुखवटे लाकडात कोरीत. पुढे कागदाच्या लगद्याचेही होऊ लागले. दशमुखी रावणाचा काष्ठमुखवटा इतका रुंद व जड की तो मस्तकी बांधून ताल सांभाळणे हे बलवंताचेच काम. अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवावे, ही पिढीजात वहिवाट अनेक गावांत एखाद्या वतनाप्रमाणे जपली जाते. मुखवट्याची आधी पूजा होते. आणि तो एकदा चेहऱ्यावर चढला म्हणजे कालपर्यंत शेजारच्या शेतात राबणाऱ्या त्या मनुष्यास सुवासिनी देव मानून ओवाळतात.

हीच श्रद्धा नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो समाजात आढळते. तेथे मुखवटा धारण करणारा हा परलोकातून आलेला आत्माच होय, असे मानतात. कुमारिकेचा गौरवर्णी, नाजूक नासिकेचा काष्ठमुखवटाही तेथे पुरुषच घालतात, जशी बोहाड्यातील शारदा पुरुषच नाचवितो. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत एक धर्मांतरित तरुण असा मुखवटा भर लोकांत उघडा करतो, तेव्हा पूर्वजाचाच वध झाला असे समजून सारा गाव शोकाने व क्रोधाने पेटून उठतो.

म्हणूनच दिवाणखान्याच्या भिंतीसाठी मुखवटा विकत घेणाऱ्याने त्याच्या कारागिरीची कदर अवश्य करावी. परंतु तेवढ्याने परंपरेचे रक्षण झाले असे मानू नये. तो कोरणारा हात, तो नाचविण्याचा मान सांभाळणारे घराणे, सांबळ वाजविणारा वादक आणि पहाटेपर्यंत जागणारा गाव, या चौघांच्या एकत्र येण्यानेच लाकडाला देवत्व प्राप्त होते. मुळेचे पाणी पिणाऱ्या आपण सोनईकरांनी उगमाकडील या बांधवांच्या उत्सवास पाहुणे म्हणून जावे, त्यांच्या रीतीचा मान राखावा आणि मुलांनाही बरोबर न्यावे. कारण आपल्या जिल्ह्याची ही सांस्कृतिक दौलत मुलांच्याही वारशात आहे.