विश्लेषण : ‘मला जमतंय का?’ मुलांच्या या प्रश्नाला साताऱ्यातील वसतिगृहाने कसे उत्तर दिले?

आठ-दहा वर्षांचे मूल हट्टाने भाकरी थापायला बसते, सायकलची उतरलेली चेन बसवून दाखवते. मोठ्यांना ती लुडबुड वाटते. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांच्या मते मात्र त्या वयात मूल स्वतःविषयीचा एक मोठा प्रश्न सोडवत असते. हा सिद्धान्त काय सांगतो आणि सातारा-सांगलीतील मुलांना तो कसा लागू पडतो, याविषयी…

फ्रॉइड यांच्यापेक्षा एरिक्सन वेगळे कसे?

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये बालपणातील मानसिक वाढीची मांडणी केली. त्यांचा भर शरीराशी निगडित सुप्त प्रेरणांवर होता आणि त्यांचे टप्पे वयात येण्यापाशी संपत. व्हिएन्नात फ्रॉइड यांची कन्या अ‍ॅना यांच्याकडे शिकलेल्या एरिक्सन यांनी १९५० मध्ये ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या पुस्तकात ही मांडणी पुढे नेली. वाढ म्हातारपणापर्यंत चालते आणि ती कशी होणार हे कुटुंबाबरोबर समाजही ठरवतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आठ टप्पे कोणते?

प्रत्येक टप्प्यावर माणसापुढे एक पेच असतो. वयोमर्यादा ढोबळ आहेत.

• पहिले दीड वर्ष : विश्वास की अविश्वास
• तीन वर्षांपर्यंत : स्वायत्तता की लाज-शंका
• सहा वर्षांपर्यंत : पुढाकार की अपराधी भाव
• बारा वर्षांपर्यंत : उद्यमशीलता की न्यूनगंड
• किशोरवय : स्वतःची ओळख की संभ्रम
• तारुण्य : जवळीक की एकटेपण
• मध्यमवय : पुढच्या पिढीसाठी काही करणे की साचलेपण
• वृद्धत्व : कृतार्थता की निराशा

शाळेच्या वयात काय घडते?

‘मला जमतंय का?’ हा चौथ्या टप्प्यातला प्रश्न. काम पूर्ण झाले आणि कुणी त्याची दखल घेतली, की आत्मविश्वास येतो. सतत अपयश किंवा हेटाळणी वाट्याला आली, की न्यूनगंड. शिकण्याच्या इच्छेपेक्षा आपले घराणे किंवा कपडे पाहून आपली किंमत ठरते, असे मुलाला वाटू लागले तर खोल इजा होते, असा इशाराही एरिक्सन देतात.

याचा साताऱ्याशी संबंध काय?

मूळचे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि कामे वाटून घेत. मुलांच्या जेवणासाठी पैसे नव्हते तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रही दिले. १९२७ मध्ये महात्मा गांधी यांच्या हस्ते वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

एरिक्सन यांचे पुस्तक आले तेव्हा ‘रयत’ला तीन दशके होऊन गेली होती. त्यामुळे हे काम त्या सिद्धान्तावर बेतलेले नाही. पण ‘कमवा आणि शिका’ने गरीब घरातील मुलाला तेच दिले, जे एरिक्सन या वयासाठी आवश्यक मानतात : हाताला जमेल असे काम, त्याची कदर आणि जातीपलीकडची किंमत.

मग ऊसतोडीच्या फडातील मुलेही काम करतातच ना?

हंगामात बीडसह दुष्काळी भागांतून मजूर सांगली-साताऱ्यात येतात. मुले कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळतात, वाढे गोळा करतात. फरक असा, की वसतिगृहात काम शिक्षणाला जोडलेले होते. इथे ते शिक्षणाची जागा घेते. चार-पाच महिन्यांनी वर्गात परतलेल्या मुलाचे वाचन-गणित मागे पडलेले असते आणि ‘आपल्याला जमत नाही’ हे त्याच्या मनात घर करते. साखरशाळा आणि मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे हा खंड टाळण्यासाठीच आहेत. त्यामुळे पटावरील संख्येइतकेच, मूल तिथे काय शिकले हेही मोजायला हवे.

सिद्धान्ताच्या मर्यादा कोणत्या?

हे टप्पे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नियम नाहीत. ते प्रामुख्याने पाश्चात्त्य समाजाच्या निरीक्षणावर उभे आहेत. ओळख स्वतः शोधायची असते, हे गृहीतक एकत्र कुटुंबात किंवा लवकर लग्न होणाऱ्या मुलींच्या बाबतीत जसेच्या तसे बसत नाही.

पालक-शिक्षकांनी काय करावे?

एखादा टप्पा बिनसला म्हणजे मूल कायमचे बिघडले, असा अर्थ काढू नये. एरिक्सन यांच्या मते जुना पेच पुढेही सोडवता येतो. मुलाला पूर्ण करता येईल एवढे काम द्यावे, ते त्याच्या हातूनच पूर्ण होऊ द्यावे आणि शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी. मागे पडलेल्या मुलाला वरच्या वर्गात नुसते ढकलण्याऐवजी राहिलेला भाग पुन्हा शिकवावा.