फवारणी आणि स्नायूंची फडफड

हात उचलायचा म्हटले की मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंमार्गे स्नायूपर्यंत जातो. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे द्रव्य पाझरते व स्नायू आखडतो. काम होताच एक विकर ते द्रव्य मोडते आणि स्नायू सैल पडतो. वाफा भरला की दारे धरणारा दार बंद करतो, तसेच हे.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस ही औषधे किडीचे हेच विकर निकामी करतात, आणि माणसाचेही! मग दार उघडेच राहते. घाम, लाळ, उलट्या सुटतात, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, पुढे लुळे पडतात, श्वासही थांबतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले.

विष कातडीतूनही शिरते. उघड्या अंगाने किंवा वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. त्रास जाणवताच पंप उतरवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. तेथे वेळेवर ॲट्रोपिनचे इंजेक्शन मिळाले तर जीव वाचू शकतो.

‘दोनच तासं राहिली, उरकून जाऊ’ असे म्हणू नका. राहिलेली तासं उद्याही होतील.