ऐकतोय खरं, पण कोणाला?

रात्रीचे दीड वाजलेत. सकाळी जर्नल सबमिट करायचंय आणि शेजारच्या कॉटवर रूममेट मस्त घोरतोय. तुम्ही कानात इअरफोन खुपसता, सर्चमध्ये ‘स्टडी म्युझिक’ टाइप करता आणि समोर येईल ती पहिली प्लेलिस्ट लावून देता. हळुवार पियानो, मध्येच बासरी, मागे पावसाचा आवाज. तीन तास हे संगीत तुम्हाला सोबत करतं. सकाळी कोणी विचारलं, ‘काल रात्री कोणाला ऐकलंस?’ तर काय सांगाल? नाव विसरलो असंही म्हणता येत नाही, कारण ते आपण वाचलेलंच नसतं.

या शांत, संथ संगीताचं एक जुनं नाव आहे, न्यू एज म्युझिक. शब्द नसतात किंवा अगदी मोजके असतात, ठेका जवळपास नसतोच आणि ऐकता ऐकता मन निवांत व्हावं एवढीच अपेक्षा असते. शास्त्रीय म्हणावं तर तसं नाही, जॅझ नाही, लोकसंगीतही नाही. ग्रॅमीवाल्यांनी १९८७ साली यासाठी वेगळा विभाग सुरू केला. पहिला पुरस्कार मिळाला स्वित्झर्लंडच्या आंद्रेआस फोलेनवायडर या हार्पवादकाला.

आता गंमत अशी, की या संगीतात हिट गाणं नाही, हिरो-हिरोइन नाही, हुकस्टेप तर नाहीच नाही. मग यातल्या कलाकारांना लोक ओळखायला लागले तरी कसे?

पार्कातली चिठ्ठी

एडवर्ड लॅरी गॉर्डन हा न्यूयॉर्कमधला तरुण स्टँड-अप कॉमेडी आणि अभिनय करायचा. पैशांची चणचण होती, म्हणून एक दिवस तो गिटार गहाण टाकायला गेला आणि पैशांऐवजी ऑटोहार्प नावाचं तंतुवाद्य घेऊन परत आला. त्याला इलेक्ट्रिक पिकअप जोडून तो वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये डोळे मिटून वाजवत बसायचा. येणारे-जाणारे चिल्लर टाकायचे. एकदा त्या चिल्लरीत एक चिठ्ठी मिळाली. लिहिणारा होता ब्रायन ईनो. १९७८ मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा अल्बम काढून ‘अँबियंट’ हा शब्द रुजवणारा हाच तो संगीतकार. ‘आपण एकत्र रेकॉर्डिंग करू या का?’ असं त्याने विचारलं होतं. त्यातून १९८० मध्ये ‘डे ऑफ रेडियन्स’ हा अल्बम आला आणि पार्कात वाजवणारा गॉर्डन ‘लाराजी’ या नावाने जगाला माहीत झाला.

याला नशीब म्हणता येईल. पण त्या पार्कातून रोज शेकडो माणसं जायची. थांबून नीट ऐकलं ते ईनोने.

पाच-पाच डॉलरची वर्गणी

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. विल्यम ॲकरमन स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून सुतारकाम करत होता आणि फावल्या वेळात गिटार वाजवत होता. मित्रांनी प्रत्येकी ५ डॉलर काढले, ‘आता रेकॉर्ड काढच’ म्हणाले. आपण गॅदरिंगला वर्गणी काढतो ना, अगदी तसंच. त्या पैशांतून १९७६ मध्ये त्याचा पहिला अल्बम निघाला आणि ‘विंडहॅम हिल’ ही कंपनी उभी राहिली. पुढे याच कंपनीने जॉर्ज विन्स्टन नावाच्या पियानोवादकाला लोकांसमोर आणलं. त्याच्या १९८२ च्या ‘डिसेंबर’ या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत ३० लाखांहून जास्त प्रती गेल्या. नुसता पियानो, एकही शब्द नाही!

न्यू एज रेकॉर्ड्सचा खप फक्त म्युझिक शॉपवर अवलंबून नव्हता. पुस्तकांच्या दुकानात, हेल्थ फूडच्या दुकानात, योगवर्गात त्या वाजायच्या. गिऱ्हाईक विचारायचं, ‘हे काय लावलंय?’ आणि दुकानदार कव्हर दाखवायचा. या प्रश्नोत्तरातून कलाकाराचं नाव पुढे जायचं.

कोरेगाव पार्कातला जर्मन

यातला एक धागा आपल्या पुण्यातूनही जातो. जर्मनीचा डॉयटर १९७० च्या दशकात ओशो आश्रमात येऊन राहिला. ‘चैतन्य हरी’ हे नाव त्याला तिथलंच. तिथल्या ध्यानांसाठी त्याने संगीत केलं. उदाहरणार्थ, कुंडलिनी ध्यान एक तासाचं, १५-१५ मिनिटांचे चार टप्पे. पहिल्या तीन टप्प्यांना संगीत, शेवटचा संपूर्ण शांततेत. म्हणजे ध्यान करायचं तर रेकॉर्डिंग हवंच. ध्यान करणारे आपापल्या देशात परतले, तसं हे संगीतही पुण्याबाहेर पोहोचलं.

आयर्लंडच्या एन्याचंही असंच काहीसं. बीबीसीच्या ‘द केल्ट्स’ या मालिकेसाठी तिने संगीत केलं आणि त्यातून मोठ्या कंपनीचा करार मिळाला. १९८८ मध्ये ‘ओरिनोको फ्लो’ ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. पुढे न्यू एजच्या चार ग्रॅमी तिने घेतल्या आणि तेही एकदासुद्धा सोलो कॉन्सर्ट टूर न करता.

डेंटिस्ट ते ग्रॅमी

आपल्याकडचं ठळक नाव बंगळुरूच्या रिकी केजचं. पठ्ठ्याने शिक्षण घेतलं डेंटिस्ट्रीचं, पण दवाखाना थाटला नाही. वर्षानुवर्षं जाहिरातींच्या जिंगल्स केल्या, त्यावर घर चालवलं आणि आपल्याला हवं ते संगीत करत राहिला. दक्षिण आफ्रिकेचा बासरीवादक वाउटर केलरमनबरोबर केलेल्या ‘विंड्स ऑफ संसारा’ला २०१५ मध्ये आणि ‘द पोलीस’ बँडचा ड्रमर स्टुअर्ट कोपलंडबरोबरच्या ‘डिव्हाइन टाइड्स’ला २०२२ मध्ये न्यू एजची ग्रॅमी मिळाली. २०२५ मध्ये हा मान ‘त्रिवेणी’ अल्बमसाठी चेन्नईत वाढलेल्या चंद्रिका टंडन यांना मिळाला. त्यात त्यांच्यासोबत केलरमन आणि जपानी चेलोवादक एरू मात्सुमोतो आहेत.

ग्रॅमीचं एक लक्षात ठेवा. तिथे एसएमएस व्होटिंग नसतं. अल्बम रीतसर पाठवावा लागतो आणि मत देतात ते संगीतक्षेत्रातलेच लोक. म्हणजे इथेही पुन्हा तेच, कोणीतरी बसून ऐकावं लागतं.

साडेसहाशे नावांचा माणूस

आता आजच्याकडे येऊ. योहान र्‍योर हे नाव ऐकलंय? नसेलच. पण त्याचं संगीत तुम्ही ऐकलं असण्याची शक्यता भरपूर आहे. स्वीडनच्या ‘डागेन्स न्यूहेतर’ या दैनिकाने २०२४ मध्ये शोधून काढलं, की या एका संगीतकाराने ६५० हून जास्त वेगवेगळ्या नावांनी ट्रॅक्स टाकलेत आणि स्पॉटिफायवर ते मिळून सुमारे १,५०० कोटी वेळा वाजलेत. निवांत पियानोच्या, रिलॅक्स होण्याच्या प्लेलिस्टमध्ये ते होते.

यात बेकायदा काही नाही. पण विचार करा. लाराजीला पार्कात मोजके लोक ऐकत होते आणि त्यातून त्याचं नाव झालं. इथे १,५०० कोटी प्ले होऊनही ऐकणाऱ्याला नाव माहीत नाही. ‘हे काय लावलंय?’ हा प्रश्नच गायब झालाय, कारण आपण कलाकार शोधत नाही, मूड शोधतो. ‘स्लीप’, ‘फोकस’, ‘काम’. बस.

नव्या पोरांना याचा फटका थेट बसतो. स्पॉटिफायवर ३० सेकंदांच्या आत ट्रॅक बदलला तर तो प्ले मोजला जात नाही. आता ज्या संगीताची मजाच हळूहळू उलगडण्यात आहे, त्याने पहिल्या ३० सेकंदांत काय दाखवायचं? शिवाय २०२४ पासून वर्षभरात किमान १,००० प्ले झाले नाहीत, तर त्या ट्रॅकचा पैसाही मिळत नाही.

मग करायचं काय?

तुमच्या कॉलेजात बासरी वाजवणारा, लॅपटॉपवर ट्रॅक बनवणारी कोणीतरी नक्की असेल. कदाचित ती तुम्हीच असाल. तर दोन-तीन गोष्टी कराच. ट्रॅक अपलोड करताना संगीतकार, वादक, रेकॉर्डिंग करणारा, सगळ्यांची नावं नीट भरा. घाईत ‘अननोन’ ठेवू नका. रिलीजच्या किमान सात दिवस आधी तो स्पॉटिफायच्या आर्टिस्ट अकाउंटमधून एडिटर्सना पाठवता येतो, ते करा. स्वतः रचना करत असाल तर ‘आयपीआरएस’चं सभासदत्व घ्या, रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणारी ही संस्था मुंबईतच आहे. आणि एखाद्या शॉर्टफिल्मला, एकांकिकेला, योगवर्गाला संगीत द्यायची संधी आली तर ‘बॅकग्राऊंडच तर आहे’ म्हणून सोडू नका. एन्याची, डॉयटरची वाट तिथूनच गेली. फक्त श्रेयनामावलीत आपलं नाव आहे ना, ते बघून घ्या.

आणि आपण जे नुसते ऐकणारे आहोत, त्यांचं काम तर फार सोपं आहे. आज रात्री प्लेलिस्ट लावाल, तेव्हा एखादी धून आवडली तर फोन उलटा करून स्क्रीनकडे बघा. नाव वाचा, त्या कलाकाराचा अख्खा अल्बम एकदा लावा आणि सकाळी रूममेटला सांगा, ‘अरे, काल याला ऐकलं, भारी आहे.’

तो घोरत होता म्हणून त्याच्यासाठीच लावलं होतं, हेही सांगून टाका!